गुरुवारची दहा मिनिटं

मंगळवार, सकाळी पावणेअकरा. कृत्रिम पाय बसवण्याच्या केंद्राचा पहिला मजला, मापाच्या खोलीबाहेरचा व्हरांडा. दोन शिपायांनी मला दोन टोकांना धरून उचललं आणि मागच्या जिन्याने खाली नेलं. व्हरांड्यात एकही पेशंट नव्हता. पेशंट गुरुवारी येतात, हे मला हलवणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

मी एक बाक. सागवानी, साडेसहा फूट लांब, पाठीला तीन पट्ट्या. अठरा वर्षं त्या दाराशी उभा होतो. माझे चारही पाय शाबूत, म्हणून सुतारकाका मला ‘श्रीमंत’ म्हणायचे. “सरका हो जरा, श्रीमंतांच्या मांडीवर बसू द्या,” असं म्हणत ते टेकायचे. त्यांचा स्वतःचा डावा पाय गुडघ्याखालून गेलेला. माझी एक पट्टी सैल झाली तेव्हा घरून स्क्रू आणून त्यांनीच ती बसवली होती. केंद्राकडे अर्ज करून सहा महिने झाले होते.

त्यांच्या शेजारी मास्तरीणबाई. त्यांचा उजवा पाय गेलेला. वर्गातली पोरं विचारायची, “बाई, तुमचा पाय कुठे गेला?” बाई म्हणायच्या, “गृहपाठ न करणाऱ्यांना शोधायला गेलाय. येईलच.”

दोघांचंही केंद्रातलं काम कधीच संपलं होतं. तरी दर गुरुवारी हजर. त्यांना कोणी नेमलं नव्हतं, पगार नव्हता, पाटी नव्हती. नवा माणूस भेदरलेल्या चेहऱ्याने जिना चढून आला, की काका माझ्यावर थाप मारायचे, “ये रे, बस. पहिल्या दिवशी सगळेच असे दिसतात. मी तर याहून वाईट दिसत होतो.”

मग शाळा सुरू. पॅन्ट आधी खोट्या पायावर चढवायची, मग पाय घालायचा. उलट केलंत तर घामाघूम व्हाल. दुपारपर्यंत उरलेला पाय थोडा आटतो आणि सॉकेट, म्हणजे तो पाय ज्या वाटीत बसतो ती, सैल पडते. म्हणून एक जादा मोजा जवळ हवाच. “डबा विसरलास तर कोणीतरी घास देईल,” काका म्हणायचे, “मोजा कोण देणार?” एक नवरदेव सपाट चपलेच्या मापाने बसवलेला पाय घेऊन उंच टाचांच्या बुटात बोहल्यावर चढला होता. परत येऊन म्हणाला, “काका, अख्खं लग्न डोंगर उतरल्यासारखं लागलं!” त्या दिवशी माझ्यावर बसलेली सहाही माणसं इतकी हसली, की माझे सांधे कुरकुरले.

पण खरी गोष्ट होती ती दहा मिनिटांची. नवा पाय मिळाला की कोणालाही थेट घरी जाऊ द्यायचं नाही. नळापर्यंत चार फेऱ्या मारायला लावायच्या. मग माझ्यावर बसवून पाय काढायला लावायचा आणि कातडीवरचा लाल डाग बघायचा. दहा मिनिटांत डाग गेला तर ठीक. राहिला तर वाटी कातडीला टोचतेय; पाय हातात घेऊन परत आत.

“आत सांगितलं की मी, छान आहे म्हणून,” माणसं कुजबुजायची.

“ते मला सांगू नकोस,” मास्तरीणबाई डोळे वटारायच्या. “आत सगळेच ‘छान आहे’ म्हणतात. तक्रार केली तर पाय परत घेतील, पुन्हा चार महिने वाट बघावी लागेल, ही भीती. ऊठ, जा, दुखतंय म्हणून सांग. नाहीतर मी येते.”

अठरा वर्षांत किती पाय असे आत परत गेले, ते मी मोजलं नाही. केंद्रानेही मोजलं नाही.

बेकरीत काम करणारी एक ताई माप द्यायला आली, ती माझ्यावर बसलेली शेवटची नवी पेशंट. गुडघ्याखालून पाय गेलेला. “दिवसभर भट्टीसमोर उभं राहावं लागतं, काका. जमेल ना?”

“गुडघा आहे ना तुझा? मग जमेल. फक्त पाय मिळाला की आधी इथे यायचं.”

ती आली. मी नव्हतो. जागेवर एकमेकींपासून लांब ठोकलेल्या चार लोखंडी खुर्च्या होत्या, आणि प्रत्येक पेशंटला वेगळी वेळ. काका आणि बाईंना दारावरच अडवलं होतं, “पेशंट नाही, तर वर जायचं नाही.” ताईने आत सांगितलं, छान आहे. आणि ती कामावर गेली.

मी आता गाड्या लावायच्या शेडमध्ये आहे, मोडक्या कपाटाला टेकून. काकांनी मला शोधून काढलं. गुरुवारी दोघं इथे येऊन बसतात. गेल्या महिन्यात ताई कुबड्यांवर आली. माझ्यावर बसली आणि बराच वेळ साडीची निरी सारखी करत राहिली. मग म्हणाली, “भट्टीपाशी घाम यायचा, मला वाटलं त्यानेच चुरचुरतंय. जखम हाडापर्यंत गेली होती. गुडघा नाही वाचला, काका.”

काकांनी तिच्या कुबड्या घेऊन माझ्या पाठीला टेकवल्या.

“चूक माझीच. मीच म्हटलं ना, छान आहे.”

“तुझी नाही,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “आम्ही दोघांनीही पहिल्या दिवशी तेच म्हटलं होतं. फक्त बाहेर आम्हाला कोणीतरी बसवून घेतलं.”

मला वर नेऊन ठेवा, एवढंच माझं मागणं आहे. पॉलिश नको, रंग नको.

मला हलवण्याच्या आदेशात कारण लिहिलंय, ‘पेशंटच्या तक्रारीवरून’. मास्तरीणबाईंनी तक्रारवही मागून पाहिली. त्या वर्षभरात बाकाबद्दल एकही नोंद नाही. तक्रार कोणाची होती, असं त्यांनी तीन पत्रांत विचारलं. तिन्ही पत्रांची पोच मिळाली. उत्तर एकाचंही आलेलं नाही.