चुलीची माती

नव्या घरातलं मांजर चुलीपाशी फिरकत नव्हतं. एवढी थंडी, तरी नाही.

माझी लेक चानफेंग बाळंतीण. आमच्या लाओसमधल्या सियांग ख्वांगकडे बाळंतिणीनं विस्तवाला लागून पडून राहायचं आणि महिना भरेपर्यंत तो विझू द्यायचा नाही. घर खांबांवर, जमीन फळ्यांची. म्हणून लाकडी चौकटीत माती भरून त्यावर चूल मांडतात. जावई सोमलितनं ती हौसेनं भरली होती. उरलेली माती विहीणबाईंनी आज सकाळी नेली, आपली चूल नव्यानं मांडायला. नातवाच्या अंघोळीचं पाणी म्हणे त्याच मातीवर तापायला हवं.

"मांजरसुद्धा तुझ्या चुलीला नाक मुरडतंय," मी जावयाला चिडवलं.

"मासा टाका आई, मग बघा कसं येतं."

चानफेंग हसली नाही. "खालून कुणीतरी बघतंय असं वाटतं गं," ती म्हणाली. मी तिला दटावलं. ओल्या बाळंतिणीनं असलं बोलू नये.

संध्याकाळी राख ओढताना चिमटा मातीत रुतला आणि टण् वाजलं. दगड असा वाजत नाही. बाळ झोपेतच दचकलं. हा आवाज इथं कुणाला शिकवावा लागत नाही. माझ्या भावाचा हात त्यातच गेला.

"सोमलित, माती कुठून आणलीस?"

"बांबूंपलीकडच्या खड्ड्यातून. आयती मऊ होती."

"आणि तो खड्डा कुणी पाडला?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. विमानांनी बॉम्ब टाकले तेव्हा तो जन्मलाही नव्हता, पण न फुटलेले अजून मातीतच होते.

"ऊठ," मी लेकीला म्हटलं.

"विस्तव सोडून? आई, अपशकुन होईल!"

"खड्ड्यात गेला तुझा अपशकुन! ऊठ!"

मी बाळ घेतलं, सोमलितनं तिला उचललं. शिडी उतरून आम्ही शेतापलीकडचा बांध गाठला. मागे रिकाम्या घरात विस्तव एकटाच जळत होता. बांधावर मांजर आधीच येऊन बसलं होतं. सुटलो म्हणून मला रडू फुटलं.

चानफेंगनं माझा हात धरला. "आई, उरलेली माती?"

ओढ्यापलीकडे विहीणबाईंच्या छपरातून धूर निघू लागला होता. अंघोळीच्या पाण्याची वेळ झाली होती.

"आई!" ओरडत सोमलित आपल्या आईच्या घराकडे धावत सुटला. मी बाळाचे दोन्ही कान घट्ट झाकून धरले.