फळ्यावरचे पत्ते

आमच्या विल्यारूस मॅडमना नियमांची भारी हौस. नगर समाजकल्याण कचेरीत चाकांची खुर्ची एकच, ती त्यांची. वरून नियम आला की ती गर्रकन फिरवून त्या आमच्याकडे बघतात. त्या शुक्रवारीही तशाच फिरल्या.

"एकच पासवर्ड सगळ्यांनी वापरायचा, हे आता बंद. नवे पासवर्ड सोमवारी येतील. तोवर आपण लपवून ठेवलेल्या बायकांची माहिती कंप्युटरमध्ये नको. हॅकरचं काय, कुठूनही घुसतो मेला."

"मग ठेवायची कुठे, मॅडम?" मी विचारलं.

"फळ्यावर लिही. फळा कोण हॅक करतंय?"

सगळे हसले आणि मी लिहिलं. सगळ्यात वर रोवेना: बाजारामागे, सुक्या मासळीच्या दुकानावरची खोली. तिचा नवरा एफ्रेन तीनचाकी चालवायचा. त्याने तिचा हात मोडला तेव्हा ती गप्प बसली. छोट्या आयरावर हात उगारला तेव्हा मात्र पोरीला उचलून आमच्याकडे आली. खोली मीच शोधून दिली होती. "मानांग डेलिया, तेवढं त्याला कळू देऊ नका," एवढंच ती म्हणाली होती. मानांग म्हणजे थोरली ताई. तिला सख्खी कुणी नव्हती.

दुपारी माहिती सुरक्षेचं ट्रेनिंग झालं. प्रांताच्या कचेरीतून आलेला साहेब बोलत राहिला, आम्ही तांदळाचा केक खात राहिलो. शेवटी फोटो. ट्रेनिंग झाल्याचा पुरावा वर पाठवावा लागतो, आणि आमच्याकडे फोटोशिवाय काही झालंय असं कुणी मानत नाही. मेयरच्या चेहऱ्याचा अवाढव्य फ्लेक्स आम्ही फळ्यासमोर धरला. चेहरा एवढा मोठा की अख्खा फळा झाकला गेला. पहिला फोटो शिस्तीत निघाला.

"आता एक वेड्यासारखा," साहेब म्हणाला.

तो तर हवाच. कुणी जिभा काढल्या, कुणी बोटांचे बदाम केले. फ्लेक्स धरणाऱ्या दोघांनी उड्या मारायला तो सोडून दिला आणि मेयर गुडघ्यापर्यंत घसरला.

मॅडमना दुसराच फोटो आवडला. "यात माझी हनुवटी एकच दिसते," म्हणाल्या, आणि स्वतःच्या हाताने तो कचेरीच्या फेसबुक पानावर चढवला. वर लिहिलं, 'तुमची माहिती, आमची जबाबदारी.' मेयरच्या बायकोने लगेच बदाम टाकला. मॅडमच्या खांद्यावरून रोवेनाचा पत्ता स्वच्छ वाचता येत होता. अख्ख्या कचेरीने तो फोटो पाहिला आणि प्रत्येकाने त्यात फक्त स्वतःला पाहिलं. मीही.

एफ्रेनला त्यात कुणाच्या हनुवटीशी देणंघेणं नव्हतं.

शनिवारी रोवेना धुण्याच्या कामावर गेली असताना तो दुकानावरच्या खोलीत पोहोचला. शर्ट इस्त्रीचा, हातात पोरीसाठी जांभळं आइस्क्रीम. घरमालकीण त्याला ओळखत नव्हती, पण आयराने 'पापा' म्हटलं आणि तिने पोर देऊन टाकली. पोर त्याला घाबरत नव्हती का, असं मी नंतर विचारलं. "घाबरली होती," मालकीण म्हणाली, "म्हणूनच निमूट गेली."

पोलिसांनी रोवेनाला बाकावर बसवून ठेवलं. "बापाने स्वतःची पोर नेली, त्यात गुन्हा कसला? बरं, तो राहतो कुठे ते तरी आण, मग बघू." एफ्रेनने तर गावच सोडलं होतं.

मॅडमनी फोटो काढून टाकला आणि वर अहवाल पाठवला. तातडीने पावलं उचलली म्हणून वरून त्यांचं कौतुक आलं. नवे पासवर्डही आले. बायकामुलांची माहिती उघडणारा तेवढा एकट्या मॅडमना. आम्हा बाकीच्यांवर आता भरवसा नव्हता.

मग शेजारच्या गावच्या कचेरीतली माझी मैत्रीण हळूच बोलली. एका माणसाने एकट्या बापाला मिळणाऱ्या मदतीसाठी नाव घातलंय, पोरीचं नाव आयरा. पुढे ती बोलेना, नोकरी जाईल म्हणाली. पण सगळ्या गावांच्या कचेऱ्यांची कंप्युटर यंत्रणा एकच. पत्ता आमच्या मॅडमच्या पडद्यावरही येणार होता. मी रोवेनाला बोलावून घेतलं आणि मॅडमसमोर उभी केली.

मॅडमनी नाव टाकलं. पडदा आम्हाला दिसू नये असा वळवला, वाचलं आणि बंद केलं.

"आहे," त्या म्हणाल्या. "पण सांगता येणार नाही. ही त्याची खासगी माहिती आहे."

"मॅडम, ती रात्री एकटी झोपत नाही हो," रोवेना म्हणाली. "तिला अंधाराची भीती वाटते, आणि ती रडली की तो मारतो. मला नका सांगू, पोलिसांना सांगा."

"पोलिसांनी लेखी मागावं."

"ते म्हणतात, आधी पत्ता आण."

"मग मी काय करू, बाई? नियम मी केलेत का?"

"माझा पत्ता कसा दिलात मग? तोही खासगीच होता."

मॅडमची खुर्ची जरा हलली. मला वाटलं, आता तरी लाजतील. "ते शुक्रवारचं," त्या म्हणाल्या. "नियम सोमवारपासून लागू झाले."

मी म्हटलं, "मॅडम, लाज वाटू द्या थोडी."

"डेलिया, तू तुझ्या टेबलावर जा." मग त्या रोवेनाकडे वळल्या. आवाज एकदम मऊ झाला, ट्रेनिंगमध्ये शिकवला होता तसा. "हे बघ, एक मार्ग आहे. एफ्रेनची लेखी संमती घेऊन ये, मी लगेच पत्ता देते."

रोवेनाने विचारलं, "संमती घ्यायला त्याला गाठू कुठे?"

"ते मला सांगता येणार नाही," मॅडम म्हणाल्या.