उघडा अॅम्प्लिफायर

“त्याला झाकण लावा, बाबा, नाहीतर उद्या आम्ही येत नाही,” लेकीने निक्षून सांगितलं आणि फोन ठेवूनही दिला.

नात रांगायला लागली होती आणि दिसेल त्या भोकात बोट घालत होती. इथे तर अख्खा अॅम्प्लिफायरच झाकण काढून खालच्या फळीवर ठेवलेला.

“काय चुकलं तिचं?” बायको म्हणाली. “गिऱ्हाइकांना दम भरता, उघडा चालवू नका, झटका बसेल, बंद केला तरी आत वीज राहते. आणि घरचा तेवढा उघडानागडा!”

“उघडा असला की गार राहतो.”

“मग फ्रीजमध्ये ठेवा.”

रेडिओ मेकॅनिक हसला नाही. गार राहण्याची सबब त्याची त्यालाच पटत नव्हती. झाकणाला जाळी होती ती त्याचसाठी. खरी गोष्ट अशी की अॅम्प्लिफायरमधून बारीक घूं येत होती, आणि ती सापडण्याआधी झाकण लावायचं म्हणजे हार मानायची. गावभरचे सेट गप्प करणाऱ्याच्या घरातच ही घरघर! त्याने कपॅसिटर बदलले, ट्रान्सफॉर्मर बदलला, अर्थिंगची वायर दहा ठिकाणी लावून पाहिली. घूं काही हटेना आणि त्याच्या जिवाला चैन पडेना. भरल्या ताटावरून उठून तो स्क्रूड्रायव्हर घेऊन बसायचा.

“येतेय ना आवाज?” तो विचारायचा.

“मला मेलीला नाही बाई येत,” बायको म्हणायची. तिचा कान तयार नाही, असं म्हणून तो पुन्हा आत डोकं घालायचा.

आज सोक्षमोक्ष लावायचाच म्हणून तो दुपारी फळीपाशी मांडी घालून बसला. गाणं बंद, पंखा बंद. डोळे मिटून त्याने कान स्पीकरला लावला. बायको मागून केर काढत होती.

“आता बघ! आता कशी स्वच्छ येतेय!”

“कुठून येईल?” ती म्हणाली. “पिन काढलीये मी मघाशी. केरसुणीत वायर अडकत होती.”

त्याने डोळे उघडले. पिन खरंच जमिनीवर पडली होती. घूं मात्र चालूच होती. तो उठून गॅलरीत गेला, तिथेही ती आली. कानांत बोटं घातली तर जास्तच वाढली.

तो घाबरला. आयुष्यभर त्याने कानाच्या भरवशावर भाकरी खाल्ली होती. मीटर नंतर लावायचा, आधी ऐकायचा. आत येऊन त्याने झाकण बसवलं आणि एकेक स्क्रू घट्ट पिळला.

“सापडलं वाटतं?” बायकोने विचारलं.

“सापडलं,” तो म्हणाला आणि हात धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी लेक आली. “ऐकलंत बाबा एकदाचं!” म्हणून खूश झाली. नातीने झाकणावर थापा मारून घर डोक्यावर घेतलं. तो तिच्याबरोबर हसला, पण त्याचं लक्ष कशात नव्हतं.

ती मंडळी गेल्यावर पुढच्या खोलीत त्याने गिऱ्हाइकाचा एक सेट उघडला, चालू केला आणि कान लावून ऐकत राहिला. मग त्याने स्वयंपाकघराकडे पाहून हाक मारली, “जरा येतेस?”

बायको पदराला हात पुसत आली.

“यात घरघर आहे का, सांग.”

तिने आधी त्याच्याकडे पाहिलं. खाली वाकून तिने स्पीकरला कान लावला.

“आहे,” ती म्हणाली.

त्याने वायर सरकवली. “आता?”

“थोडी आहे अजून.”

“आता?”

“गेली.”

त्याने मान डोलावली आणि सोल्डरिंग आयर्न हातात घेतलं.