पासष्ट पौंड

ऑरिनने धनुष्य छातीसमोर धरलं, श्वास रोखला आणि दोरी ओढली. ती अर्ध्यावर आली आणि तिथेच थांबली. त्याने दात आवळले, धनुष्य छताकडे वर उचललं, खांद्याचा सगळा जोर लावला. तरी धनुष्याच्या दोन्ही टोकांना बसवलेली चाकं फिरेनात. शेवटी त्याने दोरी हळूहळू पूर्ववत जाऊ दिली आणि धनुष्य काउंटरवर ठेवलं.

"याची ओढ पासष्ट पौंडांची नाही," तो म्हणाला.

"पासष्टच आहे. तुझ्या जुन्यासारखंच लावून दिलंय." लाव्हर्नने चष्मा कपाळावर सरकवला. गावातलं धनुष्यांचं हे एकच दुकान होतं आणि चाळीस वर्षं लाव्हर्नच ते चालवत होता.

"सत्तरच्या वर आहे. मला ओढता आलं नाही की तू ते भिंतीवरचं महागातलं काढणार. ओळखून आहे मी तुला."

"लेका, चाळीस वर्षांत तुला एक तरी महागातली वस्तू विकू शकलोय का मी?"

ऑरिन हसला नाही. लाव्हर्नने छताला टांगलेल्या वजनकाट्याच्या आकड्यात दोरी अडकवली आणि धनुष्य खाली ओढलं. काटा चढत चढत पासष्टवर गेला आणि चाकं फिरताच खाली आला.

"काटा बिघडलाय तुझा."

"मग तुझं जुनं आण. गाडीतच असेल ना?"

ते गाडीतच होतं. नवं घ्यायचं ठरलं होतं तेच मुळी जुनं दगा देऊ लागलं म्हणून. गेल्या ऑक्टोबरात शिकारीला गेला असताना कड्यावरच्या ओकच्या झाडाखाली हरणाचा एक मोठा नर पंचवीस यार्डांवर येऊन उभा राहिला होता. बाण लागला, पण खोल गेला नाही. ऑरिन दुपारपर्यंत रक्ताच्या थेंबांमागे फिरला, मग पाऊस आला आणि माग पुसला गेला. त्या दिवसापासून त्याचा त्या धनुष्यावरचा विश्वास उडाला होता.

लाव्हर्नने जुनं धनुष्य आकड्यात अडकवलं आणि ओढलं. काटा एक्कावन्नवर थांबला.

दोघंही काट्याकडे बघत राहिले. लाव्हर्नने पुन्हा ओढलं. एक्कावन्न.

"दोरी जुनी झालीय," ऑरिन म्हणाला.

"दोरीने पौंड-दोन पौंड जातात. चौदा जात नाहीत." लाव्हर्नने धनुष्य उजेडात नेलं आणि धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यांच्या मुळाशी असलेल्या बोल्टांवरून अंगठा फिरवला. "हे बघ. पाच वेढे सैल केलेत, म्हणून ओढ उतरलीय. वर पाच, खाली पाच. अगदी सारखे. ज्याने केलंय त्याला काम येतं."

"तू केलंस."

"माझ्याकडे हे शेवटचं आलं त्याला पाच वर्षं झाली. तुझं खांद्याचं ऑपरेशन व्हायच्या आधी." लाव्हर्नने धनुष्य खाली ठेवलं. जरा थांबून विचारलं, "घरी याला कोण हात लावतं?"

 ऑरिन जुनं धनुष्य उचलून बाहेर पडला.

दर ऑगस्टमध्ये कोल्बी यायचा, त्याचा जावई. दोरीला मेण लावतो म्हणून धनुष्य गॅरेजमध्ये न्यायचा आणि तासाभराने आणून द्यायचा. ऑरिनला ते कौतुकाचं वाटायचं. आता गाडी चालवताना एकेक गोष्ट त्याला वेगळीच दिसू लागली. तासभर कशाला लागतो मेण लावायला? ऑरिनचा नर हातचा गेला त्यानंतर महिन्याभरात, बंदुकीने शिकार करायच्या हंगामात, त्याच कड्याच्या पायथ्याशी कोल्बीने दहा फाट्यांच्या शिंगांचा नर मारला होता. जेनाने, ऑरिनच्या लेकीने, त्याचा फोटो फ्रिजवर लावला होता. आणि गेल्याच ईस्टरला जेवताना कोल्बी सहज म्हणून गेला होता, "ऑरिन, ती ओकवरच्या मचाणाची शिडी जरा उंच नाही का पडत तुम्हाला आता?"

कड्यावरची ती जागा पाहिजे त्याला. म्हाताऱ्याचे बाण लुळे पडले की म्हातारा आपणच खाली उतरेल.

कोल्बी आपल्या अंगणात गवत कापायच्या मशीनखाली आडवा झाला होता. गाडी बघून बाहेर आला, हात पँटला पुसले.

ऑरिनने धनुष्य बॉनेटवर ठेवलं. "पाच वेढे," तो म्हणाला.

कोल्बी धनुष्याकडे बघत राहिला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"तू केलंस?"

कोल्बीने घराकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. मग मान खाली घातली. "हो. मीच."

"का?"

 कोल्बी बुटाच्या टोकाने खडी उकरत राहिला.

"नकार तरी द्यायचास," ऑरिन म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं कोल्बीला वाटलं असावं. "तुझं मचाण माझ्या जमिनीवरून काढून ने. हंगाम सुरू व्हायच्या आत."

"ऑरिन, ऐका तर—"

"ऐकलं. तू हो म्हणालास."

घरी त्याची बायको मार्लिस टोमॅटो बरण्यांमध्ये भरत होती. स्वयंपाकघरात वाफ कोंडली होती. खिडकी उघडी होती आणि खिडकीबाहेर, अंगणाच्या टोकाला, गवताच्या गठ्ठ्यांचं निशाण उभं होतं, ऑरिन रोज संध्याकाळी सराव करायचा ते. तो खुर्चीत बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला: काटा, बोल्ट, कोल्बी, मचाण. बोलताना त्याला वाटलं, ती मध्येच म्हणेल की तुला सगळ्यांचाच संशय येतो, टपालवाल्याचासुद्धा. तसं ती नेहमी म्हणायची.

ती तसं म्हणाली नाही. तिने शेगडी बंद केली.

"हो म्हणाला तो?"

"तोंडावर."

"खुळा आहे पोरगा." तिने एप्रनला हात पुसले आणि समोर बसली. "मी केलं ते."

 ऑरिनच्या माहितीत मार्लिसने आयुष्यात धनुष्याला हात लावला नव्हता.

"तुझ्या ऑपरेशननंतर पहिल्यांदा. मग दरवर्षी एक वेढा. कोल्बीने किल्ली कशी धरायची ते दाखवलं. पहिल्या वर्षी मी वरचा बोल्ट जास्त फिरवला, तेव्हा त्याला परत बोलवावं लागलं. कुणाला सांगायचं नाही, असं वचन घेतलंय मी त्याच्याकडून."

"पण का?"

"इथून दिसतं मला." तिने मानेनेच खिडकीकडे खूण केली. "तू दोन बाण मारायचास आणि मग खोक्यावर बसायचास, हात काखेत दाबून. तोंड तिकडे करून. मी बघू नये म्हणून."



"मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तू धनुष्य खुंटीला लावलं असतंस. तुझ्या वडिलांसारखं. एकदा का जमत नाही म्हटलं, की संपलं. आणि मग ऑक्टोबर नोव्हेंबर तू घरात, माझ्या पाठीपाठी. माझ्या कपाटांतल्या बरण्या उंचीप्रमाणे लावत. देवा रे!"

त्याला हसू आलं नाही, पण ओठ हलले. मग तो पुन्हा ताठ झाला.

"तो नर गेला माझा. चौदा पौंडांनी गेला."

"सैल धनुष्यानेही नर मरतो, ऑरिन. त्याच्या आदल्या वर्षी मारलास की. मांस अजून आहे तळघरातल्या फ्रीजरात." ती उठली आणि त्याच्याकडे पाठ करून बरण्यांची झाकणं आवळू लागली. "घाई केली, असं तू स्वतः म्हणालास. तो नर वळायच्या आत बाण सोडलास, त्याच्या खांद्याच्या हाडावर बसला. त्याच संध्याकाळी, ओल्या कपड्यांनी, इथेच उभा राहून सांगितलंस. धनुष्याचं नंतर सुचलं तुला."

 ऑरिन उठून अंगणात गेला. निशाणापर्यंत चालत गेला, गठ्ठ्यावर तळवा ठेवून उभा राहिला. संध्याकाळ झाली तरी त्याने त्या दिवशी एकही बाण मारला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास त्याची गाडी कोल्बीच्या अंगणात शिरली. कोल्बी ट्रेलरमधून शिडीचे तुकडे उतरवत होता. ऑरिनने काच खाली केली.

"लाव्हर्नकडे जायचंय. धनुष्य घ्यायला."

कोल्बी शिडी धरून तसाच उभा राहिला. "मचाण अर्धं उतरवलंय मी."

"अर्धंच ना? रविवारी परत चढवू. चल, बस."

 वाटेत, मक्याची शेतं संपल्यावर कोल्बी म्हणाला, "मार्लिसने सांगितलं वाटतं."

"मका यंदा चांगला आलाय," ऑरिन म्हणाला.

दुकानात लाव्हर्नने तीन धनुष्यं काउंटरवर मांडली. कालच्याविषयी त्याने चकार शब्द काढला नाही. पहिलं आखूड आणि हलकं होतं. हातात धरलं की पानासारखं थरथरायचं. दुसऱ्याची मूठ जाडजूड होती. तिसरं तपकिरी, जरा लांब, जरा वजनदार. ऑरिनने ते हात लांब करून नुसतंच धरलं, डोळे मिटले, उघडले. ते जिथल्या तिथे होतं. मूठ बारीक होती, तळव्यात नीट बसत होती. त्याने दोरी चिमटीत धरून टिचकी मारली आणि कान देऊन ऐकलं.

"याचा आवाज कमी आहे."

"हे म्हाताऱ्यांसाठीच केलंय," लाव्हर्न म्हणाला. "म्हणजे ज्यांना अक्कल आलीय त्यांच्यासाठी."

"तुला कधी येणार मग?"

कोल्बी हसला, मग हसू आवरलं.

"घेतो हे," ऑरिन म्हणाला.

लाव्हर्नने धनुष्य कामाच्या टेबलावर नेऊन शिकंज्यात बसवलं आणि खणातून किल्ली काढली. "ओढ किती ठेवू?"

"पासष्ट," ऑरिन म्हणाला. "नेहमीचीच."

लाव्हर्नचा हात थांबला. त्याने ऑरिनच्या खांद्यावरून मागे कोल्बीकडे पाहिलं.  कोल्बी दोन पावलं पुढे आला आणि टेबल नि ऑरिन यांच्या मधोमध, काहीतरी बघायचं असल्यासारखा, उभा राहिला. त्याच्या रुंद पाठीमागून किल्ली बोल्टात बसल्याचा आणि वेढे सैल होत गेल्याचा बारीकसा आवाज आला.

ऑरिन खाली वाकला. त्याच्या बुटाची नाडी घट्ट बांधलेली होती. त्याने ती सोडली, आणि मग, कसलीही घाई नसल्यासारखी, पुन्हा बांधू लागला.