चंद्रनाथ महाराज आणि अधांतरी पाल

गुरुवारी दिवस कलला की देवळाली प्रवऱ्यातल्या जुन्या गुळाच्या वखारीपुढं बैलगाड्या सुटायला लागत. बेलापूरकडची माणसं येत, राहुरीकडची येत. उसाला पाणी धरलेला गडी खोरं बांधावर टाकून येई. बायका लेकरं कडेवर घेऊन दारात दाटी करत, आणि आत शिरायला मिळालं की चपला काढायचंही भान राहत नसे. कारण वखारीत चंद्रनाथ महाराज उतरले होते आणि महाराज दर गुरुवारी चंद्रावर जाऊन येत.

अमेरिकेची माणसं चंद्रावर उतरल्याला तेव्हा दोन-अडीच वर्षं झाली होती. गावानं ती बातमी रेडिओवर ऐकली होती, निम्म्यांचा विश्वास बसला नव्हता. महाराजांनी मात्र ती बातमी बरोबर हेरली.

"गोऱ्या माणसाला चंद्रावर जायला ताडाएवढा बंब लागतो," ते चौरंगावर मांडी घालून सांगत. "त्यात घासलेट ओतावं लागतं. डोक्यावर काचेचं टोपडं घालावं लागतं. आणि एवढं करून आणलं काय, तर गोटे. आम्हाला काय लागतं? एक श्वास. आणि आम्ही आणतो ते चांद्रभस्म."

मग चेला कंदिलाची वात उतरवी. लोक टाळ्या वाजवत नाम घेत, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत महाराज विरघळत जात. आधी पाय फिके होत, मग दाढी, मग डोळे. मागं रिकामा चौरंग आणि त्यावरचं हरणाचं कातडं तेवढं उरे. थोड्या वेळानं महाराज तसेच हळूहळू उमटत आणि मुठीतली पांढरी राख वाटत.

गावातल्या सरकारी दवाखान्याच्या नर्स राहीबाई पठारे यांना हे सगळं पहिल्यांदा कळलं ते छबूबाईमुळं. छबूबाईला क्षय होता. चार महिने ती रोज सकाळी दवाखान्यात येऊन दंड पुढं करायची. खोकल्यातलं रक्त थांबलं होतं, अंगावर मूठभर मांस आलं होतं. आणि एकाएकी ती यायची बंद झाली.

राहीबाई वाट बघून बघून शेवटी तिच्या घरी गेल्या. ओसरीवर तिची सासू रतनबाई शेंगा फोडत बसली होती.

"सुया बंद केल्यात आमी," रतनबाई म्हणाली. "म्हाराज म्हनले, लोखंड अंगात गेलं की चांद्रभसम लागू पडत न्हाई. पुनवेला ते हिच्यासाठी खास औषद आननार हायेत."

"रतनबाई, हे औषध मधेच सोडलं तर दुखणं दुप्पट जोरानं उलटतं. मग ह्याच सुयांना ते दाद देत नाही."

"तुमी नका सांगू बाई." रतनबाईनं शेंगेचं टरफल बाजूला टाकलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता, सुनेची काळजीच होती. "तुमी तर पडद्यावरचा चंद्र बघून येता आन आमाला गोष्टी सांगता. म्हाराज खरंच जात्यात."

पडद्यावरच्या चंद्राचं तिचं बोलणं खरं होतं. राहीबाईंना रॉकेटच्या सिनेमांचं वेड होतं. लहानपणी नगरला मामाकडं राहत असताना त्यांनी कॅम्पातल्या थेटरात उडत्या तबकड्यांचा एक इंग्रजी सिनेमा पाहिला आणि तेव्हापासून त्या कायमच्या भुलल्या. इंग्रजी त्यांना आजही चार शब्दांपलीकडं कळत नसे. पण दर महिन्याला लशी आणायला नगरला गेल्या, की दुपारचा खेळ बघितल्याशिवाय त्या परतीची एसटी धरत नसत. मंगळावरची माणसं, घराएवढ्या मुंग्या, दिसेनासा होणारा शास्त्रज्ञ, सगळं बघून आल्या की सुई टोचता टोचता पेशंटांना त्याची गोष्ट सांगत. मुंबईला बहिणीच्या शेजाऱ्यांनी टेलिव्हिजन घ्यायचं ठरवलंय असं कळल्यावर त्यांनी आत्तापासूनच दिवाळीची रजा मागून ठेवली होती. गावात त्यांना कोणी 'चंद्रावरच्या बाई' म्हटलं तर त्यांना उलट आनंदच होई.

पण त्या दिवशी घरी परतताना त्यांचं मन उदास झालं. आपल्या गोष्टींनीच ह्या महाराजाला गाव नांगरून दिलं की काय, असं त्यांना वाटून गेलं.

पुढच्या गुरुवारी त्या वखारीत जाऊन बसल्या.

दारात चेल्यानं सगळ्यांच्या बॅटऱ्या आणि काड्यापेट्या काढून घेतल्या. "चंद्राला पृथ्वीचा अग्नी चालत नाही," तो म्हणाला. बसायचं ते मधल्या सतरंजीवरच. दोन्ही बाजूंना काळे पडदे होते आणि तिकडं सरकलं की चेला खेकसे. महाराजांचं प्रवचन झालं, वात उतरली, आणि महाराज विरायला लागले.

खरं सांगायचं तर राहीबाईंच्या अंगावर काटा आला. लहानपणापासून जे पडद्यावर बघितलं ते चार हातांवर घडत होतं. क्षणभर त्यांना मनापासून वाटलं, हे खरं असावं. माणूस असा खरंच जात असेल तर काय बहार आहे.

वखारीत गुळाचा वास अजून भरून होता, त्यामुळं माश्या होत्या, आणि माश्या होत्या म्हणून पाली होत्या. महाराजांची दाढी विरघळत असतानाच एक पाल त्यांच्या नाकासमोरून वर चढली. भिंतीवरून नव्हे, हवेतून. चार पावलं चढली, थांबली, एक माशी गट्ट केली आणि शेपूट हलवत तिथंच राहिली. महाराज पार नाहीसे झाले, रिकामा चौरंग दिसू लागला, तरी पाल आपली अधांतरी.

सतरंजीवर कुजबुज उठली. "पालीला बी सिद्धी मिळाली," असं म्हणत कोणीतरी हात जोडले.

राहीबाई मात्र पालीकडं टक लावून बघत राहिल्या. पालीचं पिवळट पोट दिसत होतं. बोटं पसरून चपटी झाली होती. दवाखान्याच्या खिडकीच्या काचेवर, बाहेरच्या अंगानं चढणारी पाल आतून रोज अशीच दिसायची.

राहीबाईंना एकदम हसू आलं. त्यांनी ते पदरात दाबलं.

नगरच्या त्या थेटरात बाबाजान नावाचे म्हातारे ऑपरेटर होते. दर महिन्याला येणाऱ्या ह्या नर्सबाई खेळ सुटल्यावर वर येऊन "हे कसं करतात हो?" असं विचारत, त्याचं त्यांना कौतुक होतं. एकदा त्यांनी खोलीतला दिवा लावून खिडकीच्या काचेकडं बोट केलं होतं. "बघा, दिवा बंद असला की काचेतून बाहेरचं दिसतं. दिवा लावला की त्याच काचेत आपलं तोंड दिसतं. पूर्वी नाटकवाले एवढ्यावर भुतं नाचवायचे, बाई."

दुसऱ्या दिवशी राहीबाईंनी बेलापूर गाठलं. तिथं गनीभाईंचं तसबिरींना काचा बसवायचं दुकान होतं. पुरुषभर उंचीची काच पाहिजे म्हटल्यावर गनीभाई चष्म्यावरून बघायला लागले.

"तेवढी मोठी एकच होती, बाई. ती तुमच्या महाराजांचा चेला घेऊन गेला. मला वाटलं, वखारीला खिडकी करतायत." मग थोडा विचार करून ते म्हणाले, "तिच्याहून जरा लहान आहे. मोडू नका म्हणजे झालं. मीच गाडीत गवत घालून आणतो."

रविवारी दुपारी राहीबाईंनी दवाखान्याच्या मागच्या खोलीच्या खिडक्यांवर घोंगड्या टांगल्या. गनीभाईंनी काच तिरकी उभी करून दिली. काचेमागं एक लाकडी खुर्ची ठेवली. तशीच दुसरी खुर्ची बाजूला, घोंगडीच्या आडोशाला, कोणाला दिसणार नाही अशी. दोन्हींजवळ एकेक कंदील. दोन तास राहीबाई खुर्च्या इंच इंच सरकवत होत्या. एकदा जमलं तेव्हा गनीभाई स्वतःच "या अल्ला" म्हणून मागं सरले आणि मग दोघंही पोट धरून हसले.

मग त्यांनी रतनबाईला, छबूबाईला आणि गल्लीतल्या बायकांना बोलावून आणलं. रतनबाई यायला तयार नव्हती. "चंद्रावर जायचंय, चला," म्हटल्यावर आली.

राहीबाईंनी तिलाच काचेमागच्या खुर्चीवर बसवलं. बायकांना समोर बसवलं. गनीभाईंनी रतनबाईजवळचा कंदील हळूहळू बारीक केला आणि आडोशाचा मोठा केला.

"अगं बया," एक बाई म्हणाली. "आत्याबाई गेल्या."

"कुठं गेले?" रतनबाईचा आवाज रिकाम्या खुर्चीतून आला. "हितंच तर हाय मी."

"न्हाई वो, खुर्ची मोकळी हाय."

"मोकळी कशी? माझे गुडघे दुखाया लागल्यात."

छबूबाई फिस्सकन हसली. हसता हसता तिला खोकला आला, पण हसू थांबेना. कितीतरी दिवसांत ती अशी हसली नव्हती.

राहीबाईंनी घोंगड्या काढल्या. उजेडात काच दिसली, दोन खुर्च्या दिसल्या. मग घोंगड्या परत टांगून त्यांनी रतनबाईला समोर बसवून सगळं पुन्हा करून दाखवलं, ह्या वेळी खुर्चीत स्वतः बसून. आडोशाचा दिवा मोठा झाला की तिथली मोकळी खुर्ची काचेत उमटते, मागचं माणूस अंधारात लपतं, आणि त्यासाठीच काच तिरकी लागते, ते सांगितलं. रतनबाईनं काचेवरून बोट फिरवलं. नखानं ती टकटक वाजवून पाहिली.

"म्हंजी गुरुवारी म्हाराज कुठं बी जात न्हाईत," ती शेवटी म्हणाली.

"नाहीत. तिथंच बसतात."

"आन माझ्या सुनंच्या सुया बंद करायला सांगत्यात."

ती काठी टेकत उठली. पुढचं सगळं तिनंच ठरवलं.

गुरुवारी वखार खच्चून भरली होती. महाराज ऐन रंगात होते. "आज चंद्रावर थंडी फार आहे," असं सांगून ते विरून गेले. लोक नाम घेत होते. तेवढ्यात सतरंजीवरून रतनबाई उठली आणि सरळ पुढं चालायला लागली.

"आजी, खाली बसा," चेला ओरडला. "भस्म व्हाल."

"व्हऊ दे. वय झालंय माझं." रतनबाईनं काठी उचलली आणि हवेत मारली. टण्ण असा आवाज झाला. तिनं पुन्हा मारली. पुन्हा टण्ण.

"ही मायेची भिंत आहे, माते," कुठूनतरी महाराजांचा आवाज आला. "आम्ही चंद्रावरून बोलतो आहोत."

"मायेची न्हाई, गनीभाईच्या दुकानातली हाय. चंद्रावर डास हायेत का वो, म्हाराज? मगापासनं चापट्या ऐकू येत्यात."

मागच्या बाजूला कोणीतरी हसलं. मग आणखी कोणीतरी. दोघा गड्यांनी बाजूचा काळा पडदा ओढला, तेव्हा आत दुसरा चौरंग, दुसरं हरणाचं कातडं आणि वर केलेला कंदील होता. तोच कंदील एकानं उचलून काचेमागं नेला. महाराज आपल्या जागी मांडी घालून बसले होते आणि पोटरी खाजवत होते.

चेला मागच्या दारानं पळाला. काही तरण्या पोरांनी बाह्या सरसावल्या, तेव्हा राहीबाई आड उभ्या राहिल्या. "हात लावायचा नाही. मी फौजदारांना निरोप धाडलाय. त्यांना काय विचारायचं ते विचारू दे."

मग त्या महाराजांकडं वळल्या. "तुम्ही काच फार सुबक बसवलीत. मला दोन तास लागले, तरी एवढी साधली नाही. हेच जत्रेत तंबू ठोकून, तिकीट लावून दाखवलं असतंत, तर मी दर खेळाला आले असते."

महाराज खाली मान घालून बसले. त्यांच्या मुठीतली राख सतरंजीवर सांडली होती. साखर कारखान्यातल्या एका कामगारानं ती चिमटीत घेतली, वास घेतला आणि म्हणाला, "बॉयलरची हाय."

लोक हसले, पण ओशाळून. राहीबाईंना ते ओशाळणं बघवेना.

"लाजायचं काय त्यात," त्या म्हणाल्या. "माझ्याही अंगावर काटा आला होता. डोळ्यांना फसायला आवडतं. मी तर पैसे देऊन फसून घेते, दर महिन्याला. पण सिनेमावाला मला सांगत नाही की, घरी जा आणि औषध बंद कर. माणूस चंद्रावर गेला तो हिशेब करून, चुकत, दुरुस्त करत गेला. क्षयाचं औषधही माणसानं तसंच शोधलंय. कोणाचाही शब्द डोळे मिटून मानू नका. माझासुद्धा नको. विचारा, हात लावून बघा, मागं जाऊन बघा. आणि जो माणूस तुम्हाला मागं जाऊ देत नाही, त्याच्या हातचं औषध घेऊ नका."

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधीच रतनबाई सुनेला घेऊन पायरीवर बसली होती. छबूबाईनं दंड पुढं केला. रतनबाई वाकून बघायला लागली.

"ह्या बाटलीत काय हाय? आन ते आत जाऊन करतं काय? मला समदं सांगा आधी."

राहीबाईंनी सुई खाली ठेवली, स्टूल पुढं ओढलं आणि सांगायला बसल्या.