तांब्यातलं पाणी

चौक गावच्या कारखान्यात लढाईचे ट्रक रंगायला येत. महारवाड्यातला पोशा हवेच्या मशीनवर. रबरी नळी फुसफुसू लागली की तो हवेवर फिरणाऱ्या चकतीनं जुना रंग, गंज सगळं घासून पत्रा लख्ख करी. ती धूळ नाकातोंडात जाई, म्हणून दुसरं कुणी त्या मशीनकडं फिरकत नसे. धूळ पोशाची, रंगाचा ब्रश येसाजीचा. काय छान वाटणी!

येसाजी तसा वाईट माणूस नव्हता. पण पोशाचा हात लागलेल्या पत्र्यावर तांब्यातलं पाणी शिंपडल्याशिवाय तो रंग लावत नसे. विटाळ पाळत नाही, असं भावकीला कळलं तर? लेकीचं लग्न तोंडावर आलं होतं.

"दादा, उघड्या पत्र्यावर पाणी नका मारू वो. आतून गंज धरतोय," पोशा लांबूनच म्हणे.

"तू मला रंग शिकवतोस व्हय रं?"

व्हायचं तेच झालं. ट्रक परत आले. रंगाला फोड, नखानं उचकटलं तर खाली तांबूस गंज. मालक भडकला. बद्रुद्दीन मिस्त्रीनं पोशाला धरलं.

"नीट घासत नाय तू?"

"घासतो, मिस्त्री. वर पाणी शिंपडत्यात. इचारा दादांना!"

पोशाच्या बायकोचे, भागीचे, दिवस भरत आले होते, हे येसाजीला ठाऊक होतं. एक 'होय' म्हणायचं, बस्स. पण मग पाणी बंद होणार, विटाळलेल्या पत्र्याला तसाच हात लावावा लागणार; डोळ्यांपुढं भावकीविना ओस मांडव उभा राहिला.

"खोटं बोलतोय त्यो."

पोशाला तिथल्या तिथं काढून टाकलं.

"विटाळ माझा नव्हं, दादा, तुमच्या जिभेचा हाय," एवढंच बोलून तो गेला.

मशीनला हात लावायला कुणी तयार होईना. शेवटी मालकानं ते येसाजीच्याच गळ्यात घातलं. खोकत खोकत त्यानं पत्रा घासला. आता हात स्वतःचाच, मग पाणी कशाला? रंग पक्का बसला, एकही ट्रक परत आला नाही. मिस्त्रीनं त्या रंगावरून बोट फिरवलं आणि येसाजीकडं पाहिलं.

"आता समजलं. बोलावू पोशाला?"

येसाजीची मान खाली गेली. "लगीन होऊन जाऊ द्या, मिस्त्री."

लग्न झालं. भावकी झाडून आली. त्याच दिवशी महारवाड्यात, उपाशी आईच्या कोरड्या छातीशी, भागीचं बाळ गेलं. मांडवात ही बातमी पोचली. क्षणभर हात थांबले, मग वाढप्यानं पुन्हा भात वाढला.

वाचकहो, त्या पंगतीतून कुणीही उठलं नाही. आपण उठलो असतो का?