शेवटच्या दोघी

नियम साधा आहे. बास्केटबॉलचा सामना सुरू करायला पाच खेळाडू लागतात, पण एकदा सुरू झाला की दोघी उरल्या तरी चालतो. एकटीच उरली तर पंच सामना थांबवतो आणि तुम्ही हरलात. चोवीस वर्षं कॉलेजच्या मुलींना शिकवतोय, या नियमाशी माझा कधी संबंध आला नव्हता. त्या शनिवारी मात्र मी रात्रभर तोच घोकून आलो होतो.

त्याला कारण प्राचार्यबाई. आदल्या महिन्यात आमचा संघ दोन सामने पुरे न करताच परत आला होता. एकदा मुली चौघीच पोचल्या, एकदा मधेच तिघी जायबंदी झाल्या म्हणून मीच सामना सोडून दिला. बाईंनी मला केबिनमध्ये बोलावून चहा मागवला, तेव्हाच मी काय ते ओळखलं. नुसतं रागवायचं असलं की त्या चहा देत नाहीत.

"हरण्याबद्दल मी तुम्हाला कधी बोलले का, सर?" त्या म्हणाल्या. "पण खेळ अर्धवट टाकून येणं कॉलेजला शोभत नाही. शनिवारी पुन्हा तसं झालं तर संघ बंद. आणि संघच नसेल तर मग..."

पुढचं त्यांनी चहाच्या घोटाबरोबर गिळलं. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, शिट्टी फुंकण्यापलीकडे काही न येणाऱ्या माणसाला कोण दारात उभं करणार? मेहुण्याने तेवढ्यात ऐकलंच कुठूनतरी. "भावजी, आपल्या फरशीच्या दुकानात येऊन बसा की," म्हणाला. बिचारा मनापासून म्हणाला, म्हणून जास्तच झोंबलं.

शनिवारी निघताना बायकोने डबा हातात दिला. "जिंकू नकोस," ती म्हणाली, "फक्त संपवून ये." हीच बाई चोवीस वर्षं मला जिंकून ये म्हणत होती.

संघात नऊ मुली. दोघींची परीक्षा, एकीचा पाय प्लास्टरमध्ये, आणि एकीच्या मावशीचं लग्न. या मावशीला दुसरा दिवस मिळाला नाही. राहिल्या पाच. राखीव खेळाडूंच्या बाकावर मी एकटाच बसलो.

मुली मी शिकवलं तशा खेळल्या, तिथंच घात झाला. समोरची आत घुसली की या आडव्या. चेंडू सुटला की या जमिनीवर. एरवी माझा ऊर भरून आला असता, पण पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर, आणि मी बोटांवर फाउल मोजत होतो. मध्यंतरापर्यंत एक बाहेर गेली.

"आता कुणी कुणाला हात लावायचा नाही," मी म्हणालो. "आत आल्या तर येऊ द्या."

आमची कप्तान, उंचीमुळे सगळ्यांची शिडी, घाम पुसायची थांबली. "आणि बास्केट केली तर?"

"करू दे."

"सर, तुम्हाला बरं वाटतंय ना?" टाचणीने विचारलं. ही आमची सगळ्यांत बुटकी.

हसायला कुणाला आलं नाही. सांगून झालं, पण अंगवळणी पडलेलं दहा मिनिटांत जात नाही. तिसऱ्या डावात एक गेली, चौथ्याच्या सुरुवातीला आणखी एक. सहा मिनिटं बाकी होती आणि मैदानात शिडी आणि टाचणी दोघीच उरल्या. टाचणीचे फाउल दोन. शिडीचे चार.

मी टाइमआउट घेतला आणि जे आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. समोरच्या बाकाकडे चालत गेलो. त्यांचा कोच माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान.

"लांबून मारायला सांगा," मी हळूच म्हणालो. "आत येऊ नका. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

तो आपल्या बुटांकडे बघत राहिला. "बरं, सर," म्हणाला. त्याला माझी लाज वाटत होती, मलाही वाटत होती.

मग त्या लांबूनच मारू लागल्या. आमच्या दोघी बास्केटखाली हात वर करून उभ्या. प्रेक्षकांत कुणीतरी हसलं, मग बरेच हसले. आम्ही तेहतीस गुणांनी मागे होतो आणि मी फक्त घड्याळ बघत होतो. चार मिनिटं. तीन. चेंडू बाहेर गेला तेव्हा शिडी माझ्या समोर येऊन उभी राहिली.

"सर, त्या मुद्दाम लांबून मारतायत. तुम्ही सांगितलंत त्यांना?"

"खेळ जा."

"सांगितलंत?"

मी पुन्हा घड्याळाकडे बघितलं. तिला काय ते कळलं.

चाळीस सेकंद उरले असताना त्यांनी एक नवी मुलगी आत घेतली. तिला आमचं ठरलेलं कुणी सांगितलं नसावं. चेंडू हातात येताच ती सरळ आत धावली, टाचणीच्या बाजूने सुटली आणि समोर शिडी.

"सोड तिला!" मी ओरडलो. "शिडी, सोड!"

शिडीने उडी मारली. काय उडी होती. तिचा पंजा चेंडूवर बसला, चेंडू भिंतीवर जाऊन आदळला, आणि तिच्या कोपराने त्या मुलीला खाली लोळवलं. शिट्टी वाजली. पंचाने पाच बोटं दाखवली.

टाचणी एकटी मधोमध उभी राहिली. पंचाने चेंडू उचलून काखेत धरला आणि टेबलाकडे निघाला. सामना तिथंच संपला, आणि त्याबरोबर मीही.

शिडी धापा टाकत बाकाशी आली. माझा तोल गेला. पोरीच्या वयाच्या मुलीवर मी सगळ्या सभागृहासमोर ओरडलो, "चाळीस सेकंद! नुसतं हात वर करून उभं राहायचं होतं. एवढंही जमलं नाही तुला?"

तिचे डोळे भरले होते, पण तिने ते पुसले नाहीत.

"नाही जमलं, सर," ती म्हणाली. "तीन वर्षांत तुम्ही ते एकदाही शिकवलं नाहीत."